छटाकीचं खरं वजन

मामाने त्या सकाळी जे केलं ते निव्वळ प्रेमापोटी केलं. ताईच्या संसारात आजवर जी काही मोठी नुकसानं झाली होती, ती सगळी त्याच्या प्रेमापोटीच झाली होती. त्यामुळे तो पाहुणा म्हणून आला की ताई आधी चांगल्या कपबशा वर ठेवायची. पण भावोजींची लाकडी पेटी खालच्या फळीवरच राहिली.

पेटीच्या आत हिरवं मऊ कापड, कापडात गोल खळगे, आणि प्रत्येक खळग्यात एक पितळी वजन. पाच किलोचं थोरलं, मग उतरत उतरत बोटाच्या पेराएवढं वीस ग्रॅमचं. सगळी काळपटलेली. एवढ्या कसबी माणसाची हत्यारं आणि ही अवकळा! मामाने भांडी घासायची पावडर काढली, तारेची घासणी काढली, दोन वर्षांच्या भाचीला शेजारी पाटावर बसवलं आणि दीड तास खपून एकेक वजन असं लखलखीत केलं, की खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडल्यावर लग्नाच्या फोटोला उभं राहिलेलं कुटुंबच वाटावं. भाचीने टाळ्या वाजवल्या.

भावोजी डोक्याला टॉवेल गुंडाळून न्हाणीघरातून आले आणि दारातच थांबले.

“हे कोणी केलं?”

“मी!” मामा म्हणाला. “म्हटलं, तुम्हाला कुठे सवड असते.”

“तारेने?”

“तारेनेच. डाग निघता निघेनात हो.”

भावोजी सावकाश जमिनीवर बसले.

भावोजींना गावात सगळे ‘काटेवाले’ म्हणतात. दुकानातले, गोदामातले, कारखान्यातले वजनकाटे दुरुस्त करायचे, आपल्या पेटीतल्या वजनांनी तपासून बघायचे आणि बरोबर आले की त्यावर शिशाची मोहोर लावायची, हा त्यांचा धंदा. त्या वजनांना ते कधी उघडा हात लावत नसत. हरणाच्या कातड्याचा तुकडा घेऊन उचलायची, मऊ ब्रशने धूळ झटकायची, तीही श्वास रोखून. स्वतःच्या लग्नात त्यांनी हार जितका जपून घातला होता त्याच्या शंभर पटीने ही वजनं जपून ठेवायचे, असं ताई म्हणायची.

“किती झिजली असतील?” मामाने घाबरत विचारलं.

“चिमूटभरसुद्धा नाही.”

“हात्तिच्या! मग—”

“मग काय मग? चिमूटभर खोटं वजन म्हणजे खोटंच वजन.”

पेटी वजनमापांच्या कचेरीत गेली. तिथल्या कारकुनाने ती चकाकी बघून दोन मित्रांना बोलावून आणलं, तिघांनी मिळून पोटभर हसून घेतलं, आणि सांगितलं, नव्याने तपासून, कमी-जास्त भरून, शिक्का मारून मिळेल. आठ दिवस लागतील. आठ दिवस काटेवाल्यांना काम बंद.

पण भावोजी जमिनीवर बसले होते ते कामासाठी नव्हे. हे मामाला दुपारी ताईकडून कळलं, आणि मग त्यालाही कुठेतरी बसावंसं वाटलं.

आदल्या दिवशी भाचीला दवाखान्यात नेलं होतं. तिचं घरातलं नाव छटाकी. जन्मली तेव्हा बापाने दोन्ही तळव्यांवर घेऊन “छटाकभर तर आहे” म्हटलं होतं, तेच चिकटलं. तर दवाखान्यातल्या नर्सबाईंनी छटाकीला काट्यावर बसवलं आणि कार्डावर लिहिलं, दहा किलो तीनशे पन्नास. त्याच्या वरच्या ओळीत, थंडीतल्या खेपेचा आकडा होता दहा किलो सहाशे पन्नास. म्हणजे पोर दोन महिन्यांत वाढायच्या ऐवजी तीनशे ग्रॅम उतरली होती. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. डॉक्टर चष्मा पुसायला लागले की आईबापांनी काय समजायचं ते समजतात. “आठ दिवसांनी परत आणा,” त्या म्हणाल्या. “नाही वाढलं तर दाखल करून घेऊ. सुया टोचाव्या लागतील, रक्त तपासू, सगळंच बघू.”

“ह्यांनी तिथेच सांगितलं,” ताई म्हणाली, “काटा खोटा असणार. उद्या माझी वजनं आणतो आणि तुमचा काटा तपासतो. रात्रभर तेच धरून होते. आणि सकाळी तू…”

ताई छापखान्यात मुद्रितं तपासते. कोणाच्या लिखाणातला स्वल्पविराम चुकला तरी तिला दुखतं. पण भावाची चूक ती नेहमी अर्ध्या वाक्यावर सोडते. त्याने मामाला जास्त लागलं.

मामाचा धंदा मुलांचे तयार कपडे दुकानोदुकानी विकायचा. बॅग, नमुने, गोड बोलणं. गोड बोलण्याचा त्याला तोटा नव्हता, पण त्या दिवशी त्याला एकच वाक्य सुचलं. “भावोजी, मी काय करू ते सांगा.”

“बाबागाडी ढकला,” भावोजी म्हणाले.

कारण भावोजींनी तोवर दुसरा मार्ग काढला होता. वजनं नव्हती, पण गावात त्यांच्या हाताखालून गेलेले काटे होते. महिन्याच्या आत ज्यांना मोहोर लावली असे तीन: पार्सल ऑफिसातला, बेकरीतला आणि लोकरीच्या गोदामातला. तिन्हींवर छटाकीला तोलायचं. तिन्ही एकच आकडा बोलले, तर तो खरा. मग दवाखान्याचा काटा त्यापुढे काय बोलतो ते बघू.

अडचण एकच होती. छटाकी काट्यावर स्थिर राहत नसे. पहिल्या दिवशी पार्सल ऑफिसात ती फळीवर बसली, उठली, गिरकी घेतली, काटा नाचायला लागला म्हणून आणखी नाचली. दुसऱ्या दिवशी उपडी झोपून तिने फळीखाली मांजर आहे का बघितलं. काटा नऊ ते तेरा किलोंच्या मध्ये कुठेही फिरत होता. पार्सलबाबू म्हणाले, “काटेवाले, हिला बांधून, वर पत्ता लिहून आणा. मग तोलतो.”

“झोपेत तोलायची,” भावोजींनी ठरवलं.

गुरुवारी छापखान्याला सुट्टी होती. दुपारी जेवणं झाल्यावर चौघं निघाली. पुढे भावोजी, मग बाबागाडी आणि ती ढकलणारा मामा, शेवटी छत्री उघडून ताई. हातातल्या पिशवीत दुधाची बाटली, बिस्किटं आणि एक सुटा मोजा, जो नेहमी असतोच.

“लोक सुट्टीच्या दिवशी बागेत जातात,” ताई म्हणाली. “आम्ही काटे बघायला जातो.”

“बागेत काय असतं?” भावोजी म्हणाले.

“झाडं असतात.”

“ती काय, उभीच असतात.”

भर दुपारी गाव कसं पेंगत असतं हे ज्याने बाबागाडी ढकलली आहे त्यालाच माहीत. दुकानांची अर्धी दारं ओढलेली. एका खुर्चीवर एक म्हातारा झोपलेला, त्याच्या मांडीवर वर्तमानपत्र झोपलेलं, वर्तमानपत्रावर मांजर. गाडीचं डावं चाक दर फेऱ्याला ‘कुई’ करत होतं, आणि त्या कुईच्या तालावर छटाकीचे डोळे मिटत होते, उघडत होते. उघडले की ती मामाकडे बघायची आणि बोट खाली दाखवायची.

“दगू.”

दगू म्हणजे दगड. हा नादही मामानेच लावलेला. थंडीत तो आला होता तेव्हा दोघं रोज फिरायला जायची, तिने खडा उचलून आणला की मामा त्याला कानाशी लावायचा आणि गंभीरपणे सांगायचा, “हा म्हणतोय मला घरी न्या.” मग त्या खड्याला रस्त्यावर टाकून जाणार तरी कसं? तो खिशात जायचा. आताही मामा चालता चालता वाकायचा, एक गुळगुळीत खडा शोधायचा, तिच्या हातात द्यायचा. ती मूठ मिटायची आणि त्या मुठीच्या पाठोपाठ डोळे. इतक्या स्वस्तात झोप येत असेल तर कोण नाही म्हणेल? मामाला तर वाटलं, आपणही एक खडा हातात धरावा आणि कोणीतरी आपल्याला ढकलत न्यावं, असंच, कुई कुई करत, गावाच्या टोकापर्यंत आणि टोकाच्याही पुढे, जिथे कोणाला काही तोलावं लागत नाही.

पार्सल ऑफिसात छटाकी गाढ होती. भावोजींनी तिला उचलून अलगद फळीवर ठेवलं, डोक्याखाली पोस्टाची रिकामी थैली. पार्सलबाबूंनी शिक्का मारायचा हात हवेत थांबवला. काटा वर चढला, दोनदा मान हलवली आणि थांबला.

“कपडे वजा जाता,” भावोजी पुटपुटले, “दहा तीनशे साठ.”

ताईने ओठ घट्ट मिटले. दवाखान्याचा काटा खोटा नव्हता तर.

“एकावरून काही ठरत नाही,” भावोजी म्हणाले. पण चाल मंदावली.

वाटेत छटाकी दोनदा जागी झाली, दोन दगू घेऊन परत झोपली. बेकरीची मालकीण मऊ मनाची होती. पिठाच्या काट्यावर तिने धुतलेला रुमाल अंथरला. काटा थांबला. भावोजींनी खाली वाकून बघितलं, मग चष्मा लावून बघितलं.

“दहा चारशे चाळीस.”

“वाढली!” मामा म्हणाला.

“पाऊण तासात?” भावोजी म्हणाले.

ताई पाव घ्यायला आत गेली, तेव्हा दोघं बाहेरच्या बाकावर टेकले. बाबागाडीवर ताईची छत्री उघडून ठेवली होती आणि छत्रीतून गाळलेलं निळसर ऊन छटाकीच्या गालावर पडलं होतं. आतून भाजलेल्या पिठाचा वास येत होता. भावोजींनी आपला उजवा तळवा उलटा-सुलटा करून बघितला.

या हाताची गावात ख्याती होती. कांद्याची गोणी असो नाहीतर औषधाची पुडी, भावोजी हातात घेऊन वजन सांगायचे आणि काटा नंतर मुकाट्याने तेच सांगायचा.

“मेहुणे, एक सांगतो. तुमच्या ताईला सांगू नका.”

“नाही.”

“थंडीत मी हिला उचलायचो तेव्हा माझा हात म्हणायचा, साडेदहाच्या वर. खात्रीने. आणि हल्ली उचलतो तर हात म्हणतो, नाही. कमी आहे. कार्ड बघायच्या आधीपासून म्हणतोय.” त्यांनी तळवा गुडघ्यावर पालथा टाकला. “काटा खोटा असेल म्हणून मी भांडलो दवाखान्यात. पण हात खोटा बोलत नाही हो माझा.”

मामाने छटाकीच्या पायावरची माशी हाकलली. एवढंसं पाऊल, त्याला एवढीशी नखं, आणि त्या नखांना कोणी कधी सुया टोचणार होतं का, नाही. पण दंडाला टोचणार होते, आणि दंड तर त्याहून मऊ होता. तिने झोपेतच ‘दगू’ म्हटलं. मामाने बाकाखालून चांगला पेरूएवढा गोटा काढून तिच्या फ्रॉकच्या खिशात सरकवला.

लोकरीच्या गोदामात अंधार, गारवा आणि छतापर्यंत गाठोडी. आवाज आत शिरला की तिथेच विरून जायचा. स्वतःचं बोलणंसुद्धा शेजारच्या खोलीतून आल्यासारखं वाटे. उंचावरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी यायची आणि तिच्यात लोकरीचे तंतू तरंगत असायचे, खाली यायची अजिबात घाई नसल्यासारखे. मधोमध मोठा काटा. त्याच्यावर एक मऊ गाठोडं, गाठोड्याचं वजन आधी धरून ठेवलेलं, आणि त्यावर छटाकी. राखणदार तर टोपी काढूनच उभा राहिला.

काटा हलला, सावरला.

“दहा सहाशे,” भावोजी म्हणाले. त्यांचा आवाज चोरीला गेल्यासारखा झाला.

“अहो, मग चांगलंच की!” ताई म्हणाली.

“काय चांगलं? तीन काटे, तिन्ही माझे, तिन्हींवर माझी मोहोर, आणि तीन आकडे! पोर खरी की मी खरा?” ते गोदामभर बघत म्हणाले, जणू गाठोड्यांपैकी कोणी उत्तर देणार होतं. “वीस वर्षं लोकांना सांगत आलो, माझी मोहोर आहे, डोळे मिटून घ्या. आता माझ्या पोरीला कशावर तोलू?”

त्यांनी छटाकीला उचललं. आणि तेव्हा तिच्या फ्रॉकच्या पोटावरच्या मोठ्या खिशातून पेरूएवढा गोटा घरंगळला आणि काट्याच्या फळीवर पडला. टण्ण.

लोकरीत सगळे आवाज विरतात, पण हा विरला नाही. मग दुसरा पडला. मग तिसरा, चौथा.

भावोजींनी दगडांकडे बघितलं. मग मामाकडे. मामा गाठोड्यांकडे बघत होता.

“तुम्ही दिलेत?”

“मागत होती,” मामा म्हणाला.

“मी वजन करत होतो!”

“ती झोपत होती ना त्याने. तुम्हीच म्हणालात, झोपेत तोलायची.”

ताईला हसू आवरेना. राखणदाराने टोपीत तोंड लपवलं. सगळे दगड खाली ठेवून भावोजींनी पोरीला परत गाठोड्यावर निजवलं. दहा किलो तीनशे पन्नास. काटे शहाणे होते. तिघांनी पोरीसकट मामाचं कर्तृत्वही इमानाने तोलून दाखवलं होतं.

म्हणजे दवाखान्याचा आकडा खरा. म्हणजे तीनशे ग्रॅम खरोखरच उतरली. ताईचं हसू थांबलं. तंतू तरंगत होते. छटाकी गोड झोपली होती आणि रिकामा झालेला हात अजून मिटलेलाच होता.

भावोजी त्या मिटलेल्या मुठीकडे बराच वेळ बघत राहिले.

“थंडीत,” ते हळूच म्हणाले, “हिच्या अंगात काय असायचं?”

“कोट,” ताई म्हणाली. “ह्याने आणलेला तो निळा. दवाखान्यातही तोच होता. रडेल म्हणून नर्सबाईंनी काढला नाही, कोटाचे अंदाजाने तीनशे वजा केले. घरी आल्यावर मी टांगला तो अजून दारामागेच आहे, दुसऱ्या दिवसापासून उकाडाच सुरू झाला.”

“त्याला खिसे आहेत?”

“आहेत की. पण रिकामे असतात, मी बघायची ना.”

मामाचा चेहरा लोकरीसारखा झाला. “ताई,” तो म्हणाला, “त्या मालाला एक… म्हणजे दुकानदाराने तो परत केला होता. शिलाईत जरासं… खिशांना आतून भोकं होती. म्हटलं, लहान पोर, तिला कुठे खिशात काय ठेवायचंय!”

“आणि मला सांगितलंस, कापड दणकट आहे म्हणून जड लागतं!”

परत येताना बाबागाडीचं चाक कुई करायलाही विसरलं, इतक्या वेगात ती आली. भावोजींनी छटाकी ताईकडे दिली, दारामागचा कोट खुंटीवरून काढला, उजव्या तळव्यावर ठेवला आणि डोळे मिटले.

“नऊशे तीस,” ते म्हणाले.

ताईने अस्तराची शिवण उसवली. खाली ताटात दगड पडायला लागले ते पडतच राहिले. काळे, पांढरे, एक तांबूस, एक नदीतल्या मासोळीसारखा चपटा. एका अख्ख्या थंडीत ज्यांनी ज्यांनी मामाच्या कानाशी घरी यायचा हट्ट धरला होता ते सगळे. मामा कोट आणि दगड घेऊन बेकरीत पळाला. “आता हे काय?” मालकीणबाई म्हणाल्या. काटा नऊशे वीस आणि नऊशे चाळीस यांच्या बरोबर मधोमध थांबला. नुसता कोट तीनशे. मामा परत आला तेव्हा धापा टाकत एवढंच बोलू शकला, “सहाशे तीसचे दगड.”

भावोजींनी बोटांवर हिशेब केला, मग तळव्यावर लिहून केला, मग ताईला करायला लावला. दहा सहाशे पन्नासातून सहाशे तीस गेले, तर थंडीतली छटाकी होती दहा किलो वीस. आताची दहा तीनशे पन्नास. पोर उतरली नव्हती. तीनशे तीस ग्रॅम वाढली होती. ताईने दवाखान्याचं कार्ड काढलं, लाल पेन काढलं, जुन्या आकड्यावर छापखान्यातली काट मारली, समासात बरोबर आकडा लिहिला आणि खाली सही केली. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

भावोजी छटाकीला मांडीवर घेऊन बसले. एकदा उजव्या हातावर घेतली, एकदा डाव्या. “हात बरोबर म्हणत होता,” ते आपल्याशीच म्हणाले. “दगडांसकट सांगत होता बिचारा. मी विचारलंच नाही नीट.”

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी लाल पेनाचं कार्ड वाचलं, ताटभर दगड बघितले, छटाकीला नुसत्या चड्डीवर काट्यावर बसवलं. दहा चारशे. “घरी न्या,” त्या म्हणाल्या, “आणि हे दगडही न्या, माझं टेबल अडतंय.” त्याच सकाळी कचेरीतून पेटी आली होती, नवा शिक्का, नवं प्रमाणपत्र. भावोजींनी हरणाच्या कातड्याने एकेक वजन उचलून दवाखान्याचा काटा तपासला, केसभरही फरक निघाला नाही, तेव्हा नर्सबाईंपुढे हात जोडले.

बाहेर ऊन उतरलं होतं. ताई दगडांची पिशवी घेऊन पुढे गेली. भावोजींच्या उजव्या हातात पेटी, डाव्या खांद्यावर छटाकी. तिचे डोळे जड झालेले, ती झोपेच्या काठावर बसून पाय हलवत होती. मामा शेजारून चालला होता, आठ दिवसांत पहिल्यांदाच मोकळ्या हाताने, आणि मोकळ्या हाताचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. त्याची गाडी संध्याकाळची होती. एवढं सगळं झाल्यावर या घराने आपल्या हातात पुन्हा काही द्यावं, अशी आशाही त्याने करू नये, हे त्याला समजत होतं. तरी कोपऱ्यावर आल्यावर राहवेना.

“भावोजी, दोन्हीकडे ओझं झालंय तुम्हाला,” तो म्हणाला. “पेटी घेऊ का मी?”

“पेटीला हात लावू नका, पोरीला घ्या.”